किलोच्या दरात न बसणारे काम

काजूच्या कारखान्यात वर्षभर काजू सोलणाऱ्या बाईला दिवाळीत काजूकतलीचा डबा देणारे मालक आमच्या वेंगुर्ले तालुक्यात आहेत. डबा नामांकित दुकानातला असतो, त्यावर सोनेरी फीत असते आणि देणाऱ्याच्या मनात काही वावगेही नसते. बाई तो हसून घेते, घरी नेते, आणि पोरे संध्याकाळपर्यंत त्याचा फडशा पाडतात. प्रश्न इतकाच की, त्या डब्यावरून तिला आपल्या कामाविषयी काय कळले? मालकाला आपली आठवण आहे, एवढे कळले. आपण काम कसे करतो हे त्याला ठाऊक आहे की नाही, ते मात्र कळले नाही.

मीही काजूप्रक्रियेचा एक छोटा कारखाना चालवते. कटिंग, सोलणी आणि ग्रेडिंग मिळून पंधरा-सोळा बायका, बॉयलर सांभाळणारे एक काका आणि पोती, डबे व टेम्पो पाहणारा एक मुलगा, एवढाच आमचा पसारा आहे. आजूबाजूला असेच लहान व्यवसाय करणारी मंडळी आहेत. कोणी कोकमाचे आगळ करतात, कोणी आंबापोळी आणि फणसपोळी, तर कोणी मालवण-तारकर्लीकडे पर्यटकांसाठी घरगुती निवास चालवतात. गणपती आटोपले की या मंडळींत एक चर्चा हमखास रंगते, ती म्हणजे यंदा कामगारांना काय द्यायचे याची. मिठाई, स्टीलचा डबा, साडी, भिंतीवरचे घड्याळ असे पर्याय निघतात, घाऊक दर विचारले जातात आणि शेवटी जे स्वस्त आणि वेळेत मिळेल ते ठरते. कामाची कदर करायची तर आधी काम नीट पाहिलेले असावे लागते, आणि ते पाहण्याची जागा कारखाना आहे, भेटवस्तूंचे दुकान नव्हे, असे माझे मत आहे. ते मी त्या चर्चेत बोलूनही दाखवते आणि थोडी अप्रियही होते.

बोनसचा विषय आधी बाजूला काढते, कारण पुष्कळ जण तो कौतुकात मिसळतात. कोकणातल्या घरांना बोनस माहीत झाला तो मुंबईच्या गिरण्यांमुळे. पहिल्या महायुद्धातील महागाईमुळे १९१७ साली गिरणीमालकांनी पगारावर १० टक्के युद्ध बोनस द्यायला सुरुवात केली. पुढे काही वर्षे वार्षिक बोनस मिळत राहिला, आणि १९२३ चा बोनस मिळणार नाही असे कळल्यावर १९२४ च्या जानेवारीत कामगारांनी संप केला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. तिने असा निर्वाळा दिला की, बोनसवर कामगारांचा वसूल करता येईल असा हक्क नाही. मालकांच्या लेखी ती खुशीची देणगी होती, तर कामगारांच्या घरी तिच्या भरवशावर गावच्या मनिऑर्डरीचा आणि देण्याघेण्याचा हिशेब मांडलेला असे. हा वाद सुटायला पुढे कायदा यावा लागला. बोनस कायदा १९६५ साली झाला. वर्षाच्या वेतनाच्या ८.३३ टक्के, म्हणजे बारावा हिस्सा किंवा साधारण एका महिन्याचा पगार, हे किमान प्रमाण पुढे रूढ झाले आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते कायम ठेवले आहे. अगदी लहान व्यवसायांना बोनसचा नियम लागू होतो की नाही, हे कामगारांच्या संख्येवर ठरते; परंतु जिथे बोनस दरवर्षी दिला जातो तिथे तो घरच्या हिशेबात आधीच खर्ची पडलेला असतो. म्हणून बोनसचे पाकीट देताना मालकाने औदार्याचा आव आणू नये. वेळेवर पगार, कमाल मर्यादेऐवजी माणसाचा विचार करून ठरवलेले कामाचे तास, बसायला पाठ टेकता येईल अशी जागा, चालू स्थितीतले स्वच्छतागृह आणि हाताला लावायला पुरेसे तेल यांचेही तसेच आहे. ही देणी आहेत. ती थकलेली असताना दिलेला गुच्छ सुकायच्या आत विनोदाचा विषय होतो, आणि तो विनोद मालकाच्या कानावर सहसा येत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे वळते. काजूच्या धंद्यात कटिंग आणि सोलणी यांची मजुरी बहुतेक ठिकाणी किलोवर असते. हा दर एक गोष्ट चोख मोजतो, ती म्हणजे वजन. परंतु कारखाना ज्या गोष्टींवर चालतो त्यांतील कितीतरी गोष्टी तागडीत येतच नाहीत. बी आधी उन्हात वाळवतात, मग वाफवतात, निवू देतात आणि नंतर कटिंगला घेतात. पायाने पॅडल दाबले की दोन पाती बीमध्ये रुततात आणि हाताचा दांडा फिरवला की टरफल उकलते. बी प्रत्येक वेळी ठरावीक बाजूने धरावी लागते. ती जरा तिरपी बसली की पाते गराला लागते आणि अख्ख्या गराची पाकळी किंवा तुकडा होतो. अख्खा गर, पाकळी, तुकडा आणि कणी यांच्या भावांत मोठा फरक असतो, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. टरफलातले तेल कातडीला लागले तर भाजल्यासारखे होते, म्हणून बायका बोटांना खोबरेल किंवा एरंडेल चोळून बसतात. दिवसाकाठी हजारो बिया अशा बोटांनी धरायच्या, आणि प्रत्येक बी बेताने धरायची, हे कौशल्य किती किलो झाले या आकड्यात अर्धेमुर्धेच उतरते.

आमच्याकडे कटिंगला बसणाऱ्या एका काकींचे उदाहरण सांगते. मशीनच्या आवाजावरून त्यांना बी कशी वाफवली आहे ते कळते. बी नीट वाफवलेली असली की टरफल एका विशिष्ट आवाजात फुटते. कच्ची राहिली असली की आवाज बसका येतो आणि पाते आत जाताना हाताला अडते. गेल्या हंगामात एका सकाळी त्यांनी चार-पाच बिया कापल्या, दांडा सोडला आणि मला हाक मारून म्हणाल्या, "वयनी, ह्या पोत्यातली बी कच्ची रवली हा, काकांका सांगा." बाकीच्या बायकांचे हातही थांबले. काकांनी बी परत वाफेला लावली, ती निवण्यात बराच वेळ गेला आणि त्या दिवशी सगळ्यांचे किलो कमी भरले. दराच्या हिशेबाने पाहिले तर काकींनी स्वतःचे आणि शेजारणींचे नुकसान केले. कारखान्याच्या हिशेबाने पाहिले तर पोतीच्या पोती तुकड्यात जाण्यापासून वाचवली. अशा वेळी मालकाने काय करावे, याचे उत्तर माझ्या मते सरळ आहे. थांबलेल्या तासांची मजुरी नेहमीच्या सरासरीने सर्वांना द्यावी, आणि ती कशासाठी दिली हे स्पष्ट शब्दांत सांगावे. आम्ही तसेच केले. "काकी, तुम्ही आवाजावरून ओळखलंत म्हणून माल वाचला," एवढे वाक्य पुरले. "तुम्ही फार छान काम करता" हे वाक्य तिथे फुकट गेले असते, कारण ते कोणालाही, कधीही म्हणता येते आणि म्हणणाऱ्याने काहीच पाहिलेले नसले तरी चालते.

नवीन मुलीला शिकवण्याच्या कामाचेही असेच आहे. सोलणी वरकरणी सोपी दिसते. बोर्म्यात, म्हणजे सुकवणीच्या भट्टीत, गरम हवेवर सुकवून काढलेल्या गराची तांबूस साल बोटांनी किंवा छोट्या सुरीने काढायची, एवढेच ते काम. प्रत्यक्षात नखाचा दाब किती द्यायचा, साल कोणत्या टोकाकडून सुटते, हट्टी दाणा बाजूला ठेवून पुन्हा बोर्म्यात कधी पाठवायचा, हे शेजारी बसून पाहिल्याशिवाय येत नाही. शिकवणारीचे किलो त्या आठवड्यात घटतात. पुष्कळ कारखान्यांत हे कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि मग जुन्या बायका नवीन मुलींना शेजारी बसू देत नाहीत म्हणून मालक कुरकुरतात. जिचे पैसे शिकवण्यामुळे बुडतात तिने प्रेमाने शिकवावे, अशी अपेक्षा करण्यात काय अर्थ आहे? आम्ही शिकवण्याच्या दिवसांना रोजंदारी लावतो आणि हजेरीच्या वहीत तसा शेरा लिहितो. त्या शेऱ्याला बायकांच्या लेखी मोठी किंमत आहे. रक्कम फार नसते; परंतु वहीत 'शिकवणी' असे लिहिलेले दिसते आणि महिन्याच्या शेवटी वही सर्वांसमोर उघडी असते.

ग्रेडिंगचे, म्हणजे आकारानुसार दाणे वेगळे करण्याचे, टेबल हा आमच्या कारखान्याचा सगळ्यात शांत आणि सगळ्यात महागडा कोपरा. ३२० नंबर म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० दाणे, २४० नंबर म्हणजे २२० ते २४०, आणि १८० नंबर म्हणजे त्याहून टपोरा माल. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने दिलेल्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींचा गर मोठा, त्यामुळे आमच्या भागातल्या मालात टपोऱ्या दाण्यांचे नंबर चांगले निघतात. टेबलावरच्या बाईला प्रत्येक दाणा तोलून पाहायला वेळ नसतो. हात फिरता फिरता दाणे वेगळे होत जातात. नंबरात भेसळ झाली की व्यापारी लगेच फोन करतो. भेसळ झाली नाही की कोणीच फोन करत नाही. चांगल्या ग्रेडिंगची पावती म्हणजे फोन न येणे, आणि ती पावती टेबलापर्यंत आपोआप पोहोचत नाही. ती मालकाने पोहोचवावी लागते. म्हणून पुण्याचा एक व्यापारी मालाबद्दल चार शब्द बरे लिहितो तेव्हा मी तो संदेश मोबाईलवरून तसाच वाचून दाखवते, त्यात माझे काही घालत नाही. त्याने तक्रार लिहिली तर तीही तशीच वाचते. केवळ गोड संदेश वाचणाऱ्याच्या गोड संदेशांवर कोणी विश्वास ठेवत नाही.

कौतुक चारचौघांत करावे की एकटीला गाठून करावे, हा प्रश्न आमच्या गावांत शहरापेक्षा नाजूक आहे. मोठ्या हॉटेलांत 'महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी' म्हणून फोटो लावतात, त्याचे अनुकरण आमच्या भागातल्या एका निवासवाल्यांनी केले होते. दोन महिन्यांत तो फोटोफलक उतरवावा लागला. याचे कारण समजायला गावाची रचना माहीत असावी लागते. कारखान्यातल्या बायका एकाच वाडीतल्या असतात, त्यांत जावा-जावा असतात, भावकी असते, जमिनीच्या बांधावरून अबोला असतो. एकीचा फोटो भिंतीवर गेला की दुसरीला ते काम नीट झाल्याचे लक्षण वाटत नाही, मालक कोणाच्या बाजूचा आहे याची ती खूण ठरते. शिवाय फोटो लागलेल्या बाईलाच संध्याकाळी घरी जाताना टोमणे ऐकावे लागतात. सत्काराची शाल आणि श्रीफळ यांचीही गत फारशी वेगळी नाही. निवृत्त होणाऱ्या माणसाला ती शोभतात, उद्या सकाळी पुन्हा त्याच पाटावर बसणाऱ्या बाईला ती अवघडून टाकतात.

याचा अर्थ चारचौघांत काही बोलूच नये असा नाही. काम सगळ्यांनी मिळून केलेले असले तर ते सगळ्यांसमोर सांगावे. एकीचे विशेष असले तर ते तिला बाजूला सांगावे, किंवा त्याहून चांगले म्हणजे तिच्या घरच्यांच्या देखत सांगावे. गावच्या जत्रेत, देवळाच्या आवारात किंवा एखाद्या लग्नात तिची सासू किंवा मुलगा भेटतो. "तुमच्या सुनेच्या हातात तुकडा फार कमी पडतो, तिच्यासारखी कटिंग आमच्याकडे दोघी-तिघींनाच जमते," असे सासूला सांगितले की ते वाक्य घरात अनेक दिवस राहते. बाहेर मजुरीला जाणाऱ्या बाईच्या कामाला घरात नेहमीच मान मिळतो असे नाही. तो मिळवून देणे मालकाच्या हातात थोडेसे असते आणि त्याला खर्च शून्य आहे.

इथे एका प्रकाराबद्दल मला स्पष्ट बोलायचे आहे. अलीकडे पाकिटावर किंवा इंस्टाग्रामवर कामगार बायकांचे फोटो टाकून 'ग्रामीण महिलांच्या कष्टाला सलाम' अशी ओळ लिहिण्याची पद्धत पडली आहे. फोटोला त्या बाईची परवानगी घेतलेली असेल आणि तिला तो आवडत असेल तर हरकत नाही. परंतु ती जाहिरात आहे, तिचा नफा विक्रीत मोजला जातो, आणि तिला कामगारांचा सन्मान म्हणून खपवणे मला पटत नाही. सलाम ठोकून त्या बाईचा किलोचा दर तीन वर्षे जागचा हलवला नसेल, तर तिच्या चेहऱ्याचे भाडे द्यायला हवे, असे मी एका स्नेह्यांना म्हटले होते. ते अजून अधूनमधून रागावतात.

रोख द्यावे की वस्तू, यावर एक प्रयोग वाचनात आला होता, तो सांगण्यासारखा आहे. जर्मनीतील एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करण्यासाठी काही तासांपुरती माणसे घेतली होती. काहींना ठरलेल्या मजुरीवर ७ युरो जास्त रोख दिले, तर काहींना तेवढ्याच किमतीची, भेटीसारखी बांधलेली थर्मासची बाटली दिली. रोख मिळालेल्यांच्या कामात फारसा फरक पडला नाही. बाटली मिळालेल्यांचे काम सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. हा अभ्यास २०१२ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एवढेच ऐकून भेटवस्तूंचे समर्थक खूश होतात. परंतु त्याच प्रयोगात आणखी एका गटाला नोट शर्टाच्या आकाराची घडी घालून दिली होती, आणि त्यांचेही काम वाढले. म्हणजे रोखीतही काही उणे नव्हते. आपल्यासाठी कोणीतरी वेळ घालवला, हे दिसणे महत्त्वाचे होते. शिवाय ती माणसे एका दिवसापुरती आलेली होती. ज्या घरात चतुर्थीच्या तोंडावर माटवीचे (गणपतीच्या डोक्यावरच्या सजावटीच्या चौकटीचे) सामान, गणपतीची मूर्ती, मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांचा पाहुणचार आणि भजनीमंडळाची उसळ-पाव यांचा खर्च एकदम उभा राहतो, तिथे थर्मासची बाटली घेऊन काय करायचे?

म्हणून आमच्याकडे वर्षाची खरी तारीख दिवाळी नसून चतुर्थी आहे. श्रावण संपण्याआधी उचल हातात पडते, ती कोणी मागण्याची वाट पाहिली जात नाही आणि ती पुढच्या महिन्यांत थोडी थोडी वळती होते. मागावी लागलेली उचल आणि न मागता मिळालेली उचल यांची रक्कम एकच असते. पण पहिलीसाठी बाईला कार्यालयाच्या दारात उभे राहावे लागते आणि ते कोणालाच आवडत नाही. लावणीच्या दिवसांत कारखाना निम्म्या माणसांवर चालतो, हे धरूनच आम्ही जूनआधी माल काढून ठेवतो. भातलावणीची रजा नाकारणारा मालक कोकणात धंदा करायला नवखा आहे असे समजावे. शिमग्याला पालखी ज्या दिवशी वाडीत येते तो दिवस प्रत्येक वाडीचा निराळा असतो, तेव्हा एकच सुट्टी सर्वांना देण्याऐवजी प्रत्येकीला आपल्या वाडीच्या दिवसाची देतो. हा सगळा हिशेब सांभाळायला एक भिंतीवरचे कॅलेंडर आणि थोडी विचारपूस पुरते.

बॉयलरच्या काकांविषयी वर फारसे लिहिले नाही, कारण त्यांना कौतुक केलेले खपत नाही. त्यांच्या वाफेबद्दल बरे बोलले की ते लाकूडफाटा ओला आल्याची तक्रार करतात. त्यांच्यासाठी कोरडे सरपण वेळेत आणणे हीच कदर, आणि टेम्पो पाहणाऱ्या मुलाला तशी ताकीद दिलेली आहे.

यंदा दिवाळीआधी आम्ही बायकांनाच विचारले की काय हवे. साडी किंवा भांडे यांचे नाव निघेल असा माझा कयास होता. त्यांनी मागितले ते वेगळेच. वरच्या वाडीकडून येणारी सकाळची एस.टी. थांब्यावर पोहोचते आणि आमची हजेरीची वेळ लागते, यांत जेमतेम चालत येण्याएवढा अवधी आहे; गाडीला थोडा उशीर झाला की पाच-सहा जणी धावत येतात आणि पाटावर बसल्यावर घटकाभर त्यांचा हात स्थिर होत नाही. हजेरी पंधरा मिनिटे पुढे न्यावी आणि दुपारच्या सुट्टीतून तेवढी कापावी, असा त्यांचा हिशेब होता, आणि तो त्यांनी माझ्यासमोर ठेवण्याआधी आपसांत पक्का केलेला होता. एस.टी.चे वेळापत्रक बदलणे आमच्या हातात नाही, हजेरीचे आहे. कार्तिक महिन्यापासून नवी वेळ सुरू झाली. बोनस ठरल्याप्रमाणे झालाच. मिठाईचा डबा मात्र यंदा आणला नाही, आणि त्याची विचारणा आतापर्यंत फक्त टेम्पोवाल्या मुलाने केली आहे. काकांनी स्वतःची वेळ बदलायला साफ नकार दिला. बायका येण्याआधी वाफ तयार हवी, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते बरोबर असल्यामुळे त्यांचा सकाळचा चहा आता कारखान्यातच करावा लागतो.